झोपेच्या विकारांसाठी घरबसल्या वैद्यकीय सल्ला कसा घ्यावा

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ पसरली, तेव्हा झोपेची तपासणी करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांना काम थांबवावे लागले. कारण तेथे रुग्ण आणि तंत्रज्ञ यांना रात्रभर जवळ राहावे लागते आणि श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राच्या मास्कमधून सुटणाऱ्या हवेबरोबर विषाणू पसरण्याची भीती होती. त्याच महिन्याच्या २५ तारखेला भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि फोनवरून वा व्हिडिओवरून सल्ला देण्याला नियमांचा स्पष्ट आधार मिळाला. साथ ओसरल्यावरही ही सोय टिकली. स्लीप लॅबसाठी मुंबई-पुणे गाठावे लागणाऱ्या तालुक्याच्या गावातील रुग्णाला तिचे मोल विशेष आहे, परंतु डॉक्टरांना समोरासमोर जे दिसले असते, ते दुरून दाखवण्याची तयारी रुग्णाने आधी केली पाहिजे.

त्यासाठी भेटीपूर्वी दोन आठवडे झोपेची नोंद ठेवावी: अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे झोप कधी लागली, रात्री किती वेळा जाग आली, सकाळी कधी उठलो, दुपारची झोप, चहा-कॉफी आणि मद्य. वजन, उंची, रक्तदाब आणि टेपने मोजलेला मानेचा घेर लिहून ठेवावा. चालू औषधांच्या चिठ्ठ्या हाताशी असाव्यात. सर्वांत उपयुक्त पुरावा म्हणजे घरच्या माणसाने मोबाइलवर केलेले झोपेतले चित्रीकरण. घोरणे मध्येच थांबून श्वास अडकतो आणि मग माणूस दचकून श्वास घेतो, हे त्यात दिसले तर निम्मे वर्णन वाचते. शक्य असल्यास ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांनाच भेटीच्या वेळी शेजारी बसवावे. खोलीत भरपूर उजेड असावा, कारण डॉक्टर तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात आणि घशातील जागा किती अरुंद आहे हे पाहतात.

स्लीप अॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या विकाराचा, संशय बळकट असेल, तर डॉक्टर घरी तपासणी सुचवू शकतात. यात नाकाजवळील नळी, छातीभोवतीचा पट्टा आणि बोटावरील ऑक्सिमीटर रात्रभर लावून झोपायचे असते. साथीच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर जागेपणी दिसलेला चांगला आकडा झोपेतल्या श्वासाबद्दल काहीच सांगत नाही, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावे. अहवालातील एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला याची संख्या. प्रौढांत ५ ते १५ सौम्य, ३० किंवा अधिक तीव्र मानतात. घरच्या यंत्रात बहुधा मेंदूच्या लहरी नोंदल्या जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष झोप किती लागली हे नेमके कळत नाही आणि हा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. म्हणूनच त्रास स्पष्ट असताना अहवाल निर्दोष आला, तर तेवढ्यावर समाधान न मानता प्रयोगशाळेतील तपासणीचा आग्रह धरावा. हृदय निकामी होण्याचा विकार, फुप्फुसांचा गंभीर आजार किंवा स्नायूंचा आजार असेल, तर सुरुवातच तेथून व्हावी.

सीपॅप सुरू झाल्यावर दुरून पाठपुरावा सर्वाधिक उपयोगी पडतो, कारण यंत्रातील माहितीवरून वापराचे तास, मास्कमधील गळती आणि उरलेला एएचआय डॉक्टरांना पाहता येतो. पहिल्या काही आठवड्यांत मास्क टोचला किंवा घसा कोरडा पडला, तर यंत्र कपाटात ठेवण्याआधी कॅमेऱ्यासमोर मास्क लावून दाखवावा. अनेकदा पट्टे सैल करणे किंवा मास्कचा आकार बदलणे एवढेच पुरते.

निद्रानाशासाठी मात्र फोनवरून गोळीची अपेक्षा ठेवू नये. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत असल्याने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती दुरून लिहून देण्यास मनाई केली. दीर्घकाळच्या निद्रानाशावरील पहिला उपचार म्हणजे सवयी आणि विचार बदलणारी सीबीटी-आय ही पद्धत, आणि ती व्हिडिओवरूनही चांगली शिकवता येते.

गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर तपासणी व उपचार होईपर्यंत वाहन चालवू नये आणि ही गोष्ट भेटीच्या पहिल्याच मिनिटात डॉक्टरांना सांगावी.