पॅरिसचा आठवडा आखताय? या चुका टाळा

ओळखीतलं कुणी पॅरिसला निघालं की त्यांची एक्सेल शीट माझ्याकडे येते. ‘जरा नजर टाक गं, काही राहिलंय का बघ.’ राहिलेलं कधीच काही नसतं. उलट इतकं कोंबलेलं असतं की वाचतानाच पाय दुखायला लागतात. डाव्या रकान्यात ‘दिवस १, दिवस २’ आणि उजवीकडे ठिकाणांची रांग. मी एवढंच विचारते, ‘दिवस ३’ म्हणजे वार कोणता? मग समोरचा मोबाइलवर कॅलेंडर उघडतो. पॅरिसमधले बरेचसे घोळ इथूनच सुरू होतात.

‘दिवस १’ नको, वार लिहा

लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. चित्रकार मोनेची कमळांची चित्रं जिथे आहेत ते ऑरांजरीही मंगळवारीच बंद. ओर्से आणि रोदँ ही संग्रहालयं आणि व्हर्सायचा राजवाडा यांची सुट्टी सोमवारी. म्हणजे आठवड्यातले हे दोन दिवस जपून वापरायचे. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून निघणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं: १ मे हा तिथला कामगार दिन, आणि त्या दिवशी ही पाचही ठिकाणं बंद असतात. तो दिवस नदीकाठी भटकायला ठेवा.

बंदचा वार टाळला म्हणजे काम झालं असं नाही, शेजारचे परिणामही बघावे लागतात. सोमवारी व्हर्साय बंद आणि मंगळवारी लूव्र बंद, त्यामुळे मंगळवारी अर्ध्या शहराचे पर्यटक व्हर्सायला लोटतात. एप्रिल ते ऑक्टोबर शनिवार-रविवारी बागेतली कारंजी सुरू असतात म्हणून तेव्हाही गर्दी. (कारंज्यांच्या दिवशी एरवी फुकट असलेल्या बागेलाही तिकीट पडतं.) मला विचाराल तर व्हर्साय बुधवारी किंवा गुरुवारी, आणि पूर्ण दिवस. ‘सकाळी व्हर्साय, दुपारी लूव्र’ असं लिहिलेली शीट मी पुढे न वाचताच परत पाठवते. व्हर्सायचा परिसर आठशे हेक्टरांचा आहे, आणि बागेच्या पलीकडचे त्रियानों महाल दुपारी बाराला उघडतात. जाताना आर-ई-आर सी या उपनगरी गाडीत बसण्याआधी फलाटावरची पाटी वाचा. या मार्गाला फाटे फुटतात, आणि आपल्याला हवं असतं ‘व्हर्साय शातो रिव्ह गोश’.

उशिरापर्यंत उघडं असण्याचेही वार असतात, आणि ते कुणी लिहितच नाही. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. संध्याकाळी सहानंतर मोनालिसासमोरची रांग बरीच ओसरते. त्या दालनात गेलात तर एकदा मागे वळून बघा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझेचं लग्नाच्या पंगतीचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं. त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढणारे शेकड्यांनी असतात.

आणि जुने लेख वाचून शीट भरू नका. आधुनिक कलेचं पाँपिदू केंद्र २०२५मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालं आहे, ते २०३०पर्यंत उघडायचं नाही. तरी दर दुसऱ्या शीटमध्ये ते असतंच.

पत्त्याचे शेवटचे दोन आकडे

सकाळी मोंमार्त्रची टेकडी, मग आयफेल, मग मारे ही जुनी वस्ती, संध्याकाळी परत आयफेलचे दिवे. यात निम्मा दिवस मेट्रोच्या बोगद्यात जातो. खरं तर पॅरिस शहर हद्दीपुरतं १०५ चौरस किलोमीटरचंच आहे, आणि त्याचे वीस विभाग लूव्रपासून गोगलगाईच्या शंखासारखे गोल गोल फिरत बाहेर जातात. पत्त्यातल्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभागाचा क्रमांक: ७५००४ म्हणजे चौथा, ७५०१८ म्हणजे अठरावा. शीटमध्ये प्रत्येक ठिकाणापुढे ते दोन आकडे लिहा. एका दिवसात चार, सात, अठरा, चार असं दिसलं की चूक आपली आपल्याला कळते. पहिला आणि चौथा एका दिवशी, सातवा आणि आठवा एका दिवशी, अठरावा स्वतंत्र. एवढ्यावर आराखडा उभा राहतो.

पासाचा आठवडा सोमवारी सुरू होतो

ही चूक मी स्वतः केलेली आहे. गुरुवारी दुपारी उतरले, सात दिवस राहायचं होतं म्हणून ऐटीत मेट्रो-बसचा आठवड्याचा नाव्हिगो पास घेतला, आणि सोमवारी सकाळी मेट्रोचं फाटक उघडेना. हा पास घेतल्या दिवसापासून सात दिवस चालत नाही, तो सोमवार ते रविवारच चालतो. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंत मिळतो, शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याचा. म्हणून विमान रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी उतरत असेल तर पास सोन्यासारखा, कारण त्यात शार्ल द गोल विमानतळ आणि व्हर्साय दोन्ही येतात. गुरुवारी उतरत असाल तर सुटी तिकिटंच बरी. पासाच्या कार्डाला छोटा फोटो लागतो, अडीच बाय तीन सेंटिमीटरचा. तो घरूनच कापून न्या आणि कार्डावर चिकटवा. बिनफोटोचं कार्ड तपासनिसाला सापडलं तर दंड होतो.

सुट्या तिकिटांचे नियम जानेवारी २०२५मध्ये बदलले. आता मेट्रो-रेल्वेचं तिकीट कुठेही जा, एकाच दराचं. व्हर्सायलाही तेच, विमानतळाचं मात्र वेगळं आणि महाग. बसचं तिकीट निराळं असतं, मेट्रोतून उतरून त्याच तिकिटावर बसमध्ये चढता येत नाही. आणि ही सुटी तिकिटं ज्यावर भरतात ते नाव्हिगो ईझी कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं. ‘मी पुढे जातो, तू मागून तेच लाव’ हे चालत नाही.

घड्याळ अजून पुण्यातच असतं

उन्हाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात. तरी प्रत्येक शीटमध्ये पहिल्याच रात्री ‘आयफेलचा लखलखाट’ लिहिलेला असतो. जूनच्या अखेरीला पॅरिसमध्ये सूर्य मावळतो दहाच्या सुमारास. दिवे नीट उठून दिसायला अकरा वाजतात, म्हणजे आपल्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे अडीच! आईबाबा बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेतात आणि मुलं भांडतात. दिवे चौथ्या-पाचव्या रात्री ठेवा. काळोख पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं टॉवर चमचमतो, तेव्हा दहा मिनिटं आधी पोहोचलं की पुरे. डिसेंबरात गेलात तर पाचलाच अंधार पडतो, मग पहिली संध्याकाळही चालेल.

पहाटेच्या जागेपणाचं सोनं करता येतं. साडेसहाला मोंमार्त्रवरच्या साक्रे कर चर्चच्या पायऱ्यांवर जा. तिथे दुपारी मनगटात जबरदस्तीने दोरा बांधून पैसे मागणारी मंडळी असतात, ती त्या वेळी झोपलेली असतात.

तिकिटं आणि व्हिसाची सांगड

आयफेलच्या लिफ्टची तिकिटं साठ दिवस आधी सुटतात आणि मोसमात भराभर संपतात. इकडे व्हिसा मात्र हातात नसतो. या कात्रीत सगळेच सापडतात. उपाय एकच, व्हिसाचा अर्ज लवकर. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि मेच्या सुट्टीसाठी मार्चमध्ये अपॉइंटमेंट शोधणाऱ्यांचे हाल मी दरवर्षी बघते. सोबतचा प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

लिफ्टची तिकिटं संपलीच तर घाबरू नका. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या चढून जाता येतं, आणि त्याची तिकिटं सहसा जागेवरही मिळतात. सिंहगड चढणाऱ्याला त्यात काही नाही. नाहीतर आर्क द त्रिओंफ या विजयकमानीच्या गच्चीवर जा. माझं मत विचाराल तर दृश्य तिथूनच चांगलं, कारण त्यात आयफेल दिसतो! फक्त तिथे पोहोचताना गोल चौक ओलांडायचं धाडस करू नका, भुयारी वाट आहे.

नोत्र दामचं तिकीट म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. १५ एप्रिल २०१९च्या आगीनंतर चर्च डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलं आणि आत प्रवेश आजही मोफत आहे. पैसे पडतात ते मनोरे चढायचे. जवळच्या सेंत शापेल या प्रार्थनागृहाला मात्र वेळ आरक्षित करा, आणि ऊन असलेला दिवस निवडा, कारण तिथे बघायची ती तेराव्या शतकातली रंगीत काच. ती इमारत न्यायालयाच्या आवारात आहे, म्हणून बॅगांची कसून तपासणी होते. सफरचंद कापायला ठेवलेला चाकू तिथेच जातो.

मुलांसाठी म्युझियम पास

दोन, चार किंवा सहा सलग दिवसांचा म्युझियम पास चांगला आहे, पण तो चौघांसाठी घेणारं कुटुंब पाहिलं की जीव तुटतो. लूव्र, ओर्से, व्हर्साय ही सगळी ठिकाणं १८ वर्षांखालच्यांना मोफत आहेत, पासपोर्ट भारताचा असला तरी. मोठ्यांनीही आधी हिशेब मांडावा. जानेवारी २०२६पासून युरोपबाहेरच्या प्रौढांना लूव्रचं तिकीट ३२ युरो झालंय, त्यामुळे पास पूर्वीपेक्षा लवकर वसूल होतो. पण आयफेल त्यात नाही, आणि पास असला तरी लूव्र, व्हर्साय, सेंत शापेलची वेळ वेगळी आरक्षित करावीच लागते. पास म्हणजे रांगेतून सुटका, हा गैरसमज दारात उभं राहिल्यावर दूर होतो.

साडेतीनला भूक लागली

आपल्याला दुपारी साडेतीनलाही जेवायची सवय. तिथे बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर अडीचच्या सुमारास बंद होतं, ते सातला उघडतं. आराखड्यात जेवणाची वेळ ठिकाणासारखीच लिहा, साडेबारा ते दोन. चुकलंच तर बेकरी, किंवा दारावर ‘सेर्व्हिस काँतिन्यू’ लिहिलेलं हॉटेल. तिथे दिवसभर जेवण मिळतं. आत शिरताना ‘बोंजूर’ म्हणा, मगच पुढचं बोला. न म्हणता थेट मेनू मागणं तिथे उद्धटपणा समजतात, आणि मग आपण म्हणतो की पॅरिसचे लोक फटकळ. पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं.

शाकाहाऱ्यांनी कांद्याच्या प्रसिद्ध सूपपासून लांब राहावं, ते बहुधा गोमांसाच्या रश्श्यात करतात. क्रेप म्हणजे तिथलं पातळ धिरडं, त्याच्या पिठात अंडं असतं. मारेमधल्या ऱ्यू दे रोझिए गल्लीतलं फलाफेल (छोल्यांचे वडे) पोटभर आणि निर्धोक. पण पुन्हा वार आलाच! तिथली बरीच दुकानं ज्यूंची, शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारभर बंद. डोसा हवा असेल तर ला शापेलच्या तमिळ वस्तीत जा. ऑगस्टअखेरीला पॅरिसमध्ये असाल तर तिथल्या विनायकाच्या देवळाची रथयात्रा निघते का ते बघा. पॅरिसच्या रस्त्यावर नारळांचे ढीग फुटताना बघायला मिळतात, आणि हे कुठल्याच शीटमध्ये नसतं.

पायऱ्या

ज्येष्ठ बरोबर असतील तर मेट्रोचा नकाशा बाजूला ठेवा. जुन्या स्टेशनांत लिफ्ट क्वचितच, पायऱ्या मात्र भरपूर. १४ नंबरची नवी मेट्रो आणि बस त्यांच्यासाठी सोयीची. घर भाड्याने घेताना ‘लिफ्ट आहे का’ हे लेखी विचारा. चौथा मजला आणि गोल जिना हे फोटोत छान दिसतं.

परवा चुलतबहिणीची शीट आली. मी गेल्या वेळी केलेली कटकट तिला लक्षात होती, म्हणून पहिल्या रकान्यात वार होते, पुढे पिनकोडचे दोन आकडे, जेवणाच्या वेळाही. मी खूश. मग दुसरी ओळ वाचली: सोमवार, व्हर्साय, पूर्ण दिवस.