एकट्याने सायकलवर दिवसभर गावोगावच्या रस्त्याने जायचं असेल तर

ग्रुपबरोबर जाणं आणि एकट्याने जाणं यात मला जाणवलेला मोठा फरक हा की एकट्याला आठवण करून देणारं कोणी नसतं. पाणी पी, थोडं खाऊन घे, मागचं टायर बसल्यासारखं वाटतंय, अंधार व्हायला आला, हे सांगणारा माणूस शेजारी नसतो. म्हणून मी स्वतःला एक सवय लावून घेतलीये, प्रत्येक गोष्ट गरज पडायच्या थोडी आधी करायची. खाली जे लिहिलंय ते सगळं त्यातूनच आलेलं आहे, आणि ते सामान लादलेल्या सायकलवर साधारण ८० ते १०० किलोमीटरच्या दिवसाचं आहे.

आधी हिशोब करा. सामान घेऊन ताशी १५ चा ॲव्हरेज पडला तरी चांगला म्हणायचा, म्हणजे ९० किलोमीटरला ६ तास नुसते सीटवर. त्यात खाणं, पाणी भरणं, रस्ता चुकणं, एखादं पंक्चर आणि झाडाखाली पाय पसरून बसणं धरून अजून ३ तास. असे ९ तास होतात, आणि उजेड किती तास आहे ते बघून मगच अंतर ठरवा. मॅपवर नुसते किलोमीटर बघू नका, चढ किती मीटर आहे तेही बघा, कारण १००० मीटर चढाचे ६० किलोमीटर हे सपाट १०० पेक्षा जड जातात. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा आणि मधली दोन ठिकाणं अशी हेरून ठेवा की वेळ पडली तर दिवस तिथेच संपवता येईल. घरच्या कोणाला तरी रस्ता सांगा आणि वेळ पण ठरवा, अमुक वाजेपर्यंत मेसेज नाही आला तर फोन कर. दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, फोन बंद पडला तर आपल्याच माणसाचा नंबर आपल्याला पाठ नसतो.

सायकलचं काम आदल्या रात्री उरकायचं. जड सामान खाली, चाकाच्या आसाजवळ, आणि दोन्ही बाजूला सारखं. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही हवेची वरची मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही, खडबडीत रस्त्यावर थोडी कमी बरी. कॅरिअरचे बोल्ट मात्र हाताने नाही, पान्याने तपासा, दिवसभराच्या हादऱ्यांनी तेच सगळ्यात आधी ढिले होतात. चेनला तेल घातल्यावर फडक्याने बाहेरून पुसून काढा, बाहेर राहिलेल्या तेलाला नुसती धूळ चिकटते.

सीटची उंची पण घरीच बघा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. गुडघा पुढून दुखायला लागला तर सीट बहुतेक वेळा खाली असते, मागून दुखला तर वर. पॅडवाल्या शॉर्टच्या आत चड्डी घालू नका, तिच्याच शिवणीने सोलवटतं.

पहिला तास मुद्दाम हळू. पाय ताजे असतात, हवा गार असते आणि आपण उगाच जोर लावतो, त्याची वसुली दुपारी होते. मी मोठ्याने एक लांब वाक्य बोलून बघतो, दम न लागता पूर्ण झालं तर वेग बरोबर आहे. एक पाय १५ सेकंदात किती वेळा खाली जातो ते मोजा, २० च्या आसपास असेल तर मिनिटाला ८० फेरे होतात, लांबच्या पल्ल्याला तेवढे छान, लादलेल्या सायकलवर ७० पण चालतील. जड गिअर रेटत राहिलात तर गुडघे जातात. चढ समोर दिसला की तो सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका, चढावर जोर लागलेला असताना गिअर बदलला की चेन कडकड वाजते आणि कधीकधी उतरते.

खाण्याबद्दल जरा जास्त सांगतो कारण इथेच मी एकदा चांगलाच अडकलोय. सकाळी भूक नव्हती म्हणून पाणी पीत पीत ६० किलोमीटर काढले, आणि मग एका साध्या चढावर अचानक पाय रिकामे झाले, हात थरथरायला लागले, डोकं इतकं सुन्न की पिशवीची चेन कुठल्या बाजूने उघडते ते कळेना. दुखत काहीच नव्हतं, नुसतं सगळं संपल्यासारखं. गोड खाऊन अर्धा तास सावलीत पडलो तेव्हा कुठे माणसात आलो. अंगातला साखरेचा साठा मर्यादित असतो, जोरात चालवलं तर दोन तासात तळ दिसायला लागतो, आणि तोपर्यंत भूक लागेलच असं नाही. म्हणून घड्याळ बघून खायचं, दर ४०-४५ मिनिटांनी थोडं थोडं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात, एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या.

पाणी तासाला अर्धा लिटर धरा, ऊन असेल तर पाऊण ते एक. पण घाम गाळून दिवसभर नुसतं साधं पाणी पीत राहू नका, मीठ पण जातंय. १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं घरच्या घरी होतं. आणि बाटली अर्धी भरलेली असली तरी पाणी मिळेल तिथे भरून घ्या, पुढचं गाव मॅपवर दिसतं, तिथलं पाणी दिसत नाही.

आता पंक्चर. सायकल रस्त्यापासून लांब घ्या, सामान उतरवा. मागचं चाक असेल तर चेन आधी सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, चाक सहज निघतं. ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरा आणि गालाजवळ धरून फिरवा, कानाला ऐकू येत नाही ती बारीक हवा गालाला लागते. भोक सापडलं की ट्यूब टायरला लावून बघा, काटा टायरमध्ये नेमका कुठे आहे ते कळतं. भोक रिमच्या बाजूला असेल तर आतली पट्टी सरकून स्पोकचं टोक लागत असेल. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती आणि ट्यूब रिमवर चिमटली. मग टायरच्या आतून बोट अगदी हळू फिरवा. एकदा सूर्य कलला होता म्हणून मी हे न करता नवीन ट्यूब टाकून निघालो आणि दोन मिनिटात चाक परत बसलं. नखाच्या टोकाएवढा काटा रबरात आडवा रुतलेला, बाहेरून दिसतच नव्हता, बोटाला मात्र लगेच टोचला.

मी रस्त्यात स्पेअर ट्यूबच टाकतो आणि पॅच रात्री निवांत लावतो. सोल्युशनची चमक जाईपर्यंत पाचेक मिनिटं थांबावं लागतं, ओलं असताना दाबलेला पॅच टिकत नाही. ट्यूब बसवताना आधी जेमतेम गोल होईल एवढी हवा भरा, आणि टायर चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करा.

वारा समोरून आला की स्पीड बघणं बंद करा. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, त्यामुळे जोर लावून फार काही मिळत नाही, एक गिअर खाली आणि श्वास तोच. उन्हाने जमीन तापली की दुपारी वारा बऱ्याचदा वाढतो, म्हणून उघड्या माळावरचा भाग सकाळी येईल असं बघा.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका, हातभर आत राहा, मग मागून मोठी गाडी आली तर सरकायला जागा असते. वाळू-खडीवर वळताना पुढचा ब्रेक दाबू नका. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवण्यापेक्षा दाबून सोडा, दाबून सोडा, सतत घासून रिम तापते. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, लादलेल्या सायकलवर तुम्ही त्याला हरवणार नाही. उतरा, सायकल मध्ये ठेवा, डोळ्यात न बघता शांतपणे चालत जा. बहुतेक कुत्री आपली हद्द संपली की वळतात. करंगळीला मुंग्या यायला लागल्या तर हात हँडलवर सारखे हलवा, तळव्याच्या कडेची नस दबते तेव्हा असं होतं.

दुपारनंतर एकदा हात लांब करून बोटं आडवी धरा, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये किती मावतात ते बघा. एक बोट म्हणजे ढोबळमानाने १५ मिनिटं. आठ बोटं उरली की मुक्काम कुठे ते पक्कं करा, चार उरली की पुढचे लाइट सुरू, मागचा तर मी दिवसापण चालू ठेवतो.

पोचल्यावर बसायच्या आधी तीन कामं, कारण एकदा बसलं की उठवत नाही. दोन्ही टायरवरून बोट फिरवून रुतलेली काच-खडा काढा, चेन पुसा, बाटल्या भरून ठेवा. आणि त्याच्याही आधी घरी मेसेज, पोचलो.