गॅरेजमधील विजेवरच्या ब्रूइंग संचाची वीजजोडणी आणि सफाई

अमेरिकेत गॅरेजमध्ये घरगुती बीअरसाठी विजेवर चालणारा तीन भांड्यांचा संच मांडायचा असेल, तर खरेदीपूर्वी विजेचा हिशेब करावा. 240 व्होल्टवर 5500 वॅटचे एक एलिमेंट (भांड्यातील द्रव तापवणारी विजेची कॉइल) सुमारे 23 अँपिअर प्रवाह ओढते. त्यामुळे त्याला 30 अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर व 10 गेजची तांब्याची तार लागते, आणि अशा जोडणीवर दोन एलिमेंट एकाच वेळी न चालवता आळीपाळीनेच चालवावी लागतात. ओल्या फरशीवर उभे राहून काम करायचे असल्याने, विद्युतप्रवाहाची गळती होताच वीज तोडणारे जीएफसीआय संरक्षण हा माझ्या मते संचातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्यावर काटकसर मुळीच करू नये. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

सफाई त्याच दिवशी उरकावी. एलिमेंटवर प्रथिने व साखरेचा तपकिरी थर बसतो आणि तो वाळला की निघता निघत नाही. भांडे धुऊन त्यात सोडियम परकार्बोनेटयुक्त क्लीनर घालावा आणि ते पाणी सुमारे 60 अंश सेल्सियसवर पंपाने अर्धा तास फिरवावे. मात्र तापवताना एलिमेंट पूर्ण बुडालेले असावे, कारण कोरडे तापले तर ते जळते. भांड्याच्या नळातील, म्हणजे बॉल व्हॉल्व्हच्या, गोळ्यामागे वर्ट (आंबवण्यापूर्वीचा धान्याचा गोड अर्क) अडकून राहते, म्हणून पाणी फिरत असताना तो काही वेळा अर्धवट उघडून बंद करावा. उकळलेले वर्ट थंड करणारा प्लेट चिलर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा. एलिमेंट हाताने पुसण्यापूर्वी प्लग काढलेला असलाच पाहिजे.