सातबारा, बेदाण्याच्या पट्ट्या आणि अमेरिकेचा फॉर्म

अमेरिकेतल्या कॉलेजांकडे शिक्षणासाठी आर्थिक मदत मागायचा सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म 1 ऑक्टोबरला खुला होतो. आमच्या तासगाव भागात तेव्हा द्राक्षाची फळछाटणी चालू असते. पप्पा दिवसभर बागेत आणि ढग आले की दावण्या रोगाच्या काळजीत. "जमिनीची किंमत किती लिहू?" विचारलं तर म्हणाले, "विकायचीच न्हाई तर किंमत कशाला?" म्हणून सांगते, कागद गणपतीतच गोळा करायला घ्या.

त्याआधी कॉलेजांची यादी पैशाच्या नजरेने चाळा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांनाही मदत मागितली म्हणून प्रवेशात मागे टाकत नाहीत. पण तिथे नंबर लागणंच अवघड. बाकी बहुतेक ठिकाणी मागणी निवडीच्या वेळी विचारात घेतात. यावर ओळखीतले शहाणे सल्ला देतात, आधी प्रवेश मिळव, पैशाचं नंतर बघू. हे मुळीच ऐकू नका. अर्जासोबत मदत मागितली नाही तर अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याला पुढे ती मागताच येत नाही. फाफ्सा नावाचा फॉर्मही कुणी सुचवेल. तो अमेरिकन सरकारी मदतीचा, आपल्याला लागू नाही.

आता कागद. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आमच्या घरात रिटर्न कुणी कधी भरलंच नव्हतं. अशा वेळी रिटर्न भरत नसल्याचं निवेदन असतं, ते द्यायचं. सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, सोसायटीच्या कर्जाचा उतारा आणि अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे बेदाणा विकल्याच्या पावत्या. या पट्ट्यांनीच मला रडवलं. आपला हिशेब मार्चला संपतो, फॉर्मला जानेवारी ते डिसेंबर हवं. बेदाणा निघतो उन्हाळ्यात, कोल्ड स्टोरेजला पडून राहतो आणि थोडा थोडा विकला जातो. मी पट्ट्या तारखेने लावल्या, अडत, हमाली वजा केली, मग औषधं, मजुरी, शेडचं भाडं वजा केलं. उरलेला आकडा बघून पप्पा गप्पच बसले.

जमीन लपवू नका. बाजारभावाने लिहा, पण तिच्यावरचं कर्जही लिहा. आमचं बागेच्या मांडवाच्या अँगल-तारांसाठी काढलेलं होतं. औषधाच्या दुकानातल्या उधारीला मात्र मला फॉर्ममध्ये जागा सापडली नाही. ती विशेष परिस्थितीच्या रकान्यात लिहिली आणि जमिनीबद्दलही तिथेच लिहिलं: 'दीड एकर बाग हेच उत्पन्नाचं साधन आहे. ती विकली तर पुढच्या वर्षापासून घराला उत्पन्न नाही.' तिथे रडगाणं गाऊ नका, आकडे आणि तारखा द्या. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. स्वतः केलेलं चालतं का, हे कॉलेजला मेलवर विचारून घ्या.

चलन तपासा. सीएसएसमध्ये मी रुपये निवडले होते. एका कॉलेजच्या स्वतःच्या फॉर्मला मात्र डॉलर हवे होते, आणि मी तिथेही रुपयेच टाकले. आम्ही कागदोपत्री तीन लाख डॉलरवाले झालो! चार दिवसांनी लक्षात आलं, त्याच रात्री दुरुस्तीचा मेल केला.

सीएसएस फॉर्मची फी पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16. पप्पांच्या बँकेचं कार्ड चाललं नाही, मामाचं वापरलं. आधी कॉलेजला विचारा, काही जण फी माफीचा कोड देतात किंवा स्वतःचा मोफत फॉर्म घेतात.

मदतीचं पत्र आलं की वरची मोठी रक्कम बघून पेढे वाटू नका. त्यात अनुदान किती, कर्ज किती आणि कॅम्पसवर काम करून कमवायचे किती, ते वेगळं काढा. विमानभाडं आणि विमा धरलाय का तेही बघा. व्हिसाआधी भरायची सेव्हिस फी (अमेरिकन सरकारकडच्या विद्यार्थी नोंदणीची) 350 डॉलर, ती आमच्या पत्रात नव्हती. त्यासाठी कोल्ड स्टोरेजमधला उरलेला बेदाणा जूनमध्येच काढावा लागला. दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर भाव बरा मिळाला असता, असं पप्पा अजून फोनवर म्हणतात.