लेसोथोच्या डोंगरातले गावरान मातेक्वाने (गांजा) : फेब्रुवारी ते मे, बियाणे राखण्याचा सल्ला

हा सल्ला लेसोथोत, म्हणजे दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या छोट्या डोंगराळ देशात, परवानाधारक गांजा शेतीवर किंवा बियाणे संवर्धनाच्या कामात असलेल्या मराठी कृषी पदवीधरांसाठी आहे, तसेच गावरान वाणांची आस्था असलेल्या वाचकांसाठीही. भारतात मात्र तो वापरता येणार नाही. अमली पदार्थांविरोधी एनडीपीएस कायदा १९८५ च्या कलम २० नुसार विनापरवाना गांजा लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तिकडून बी खिशात घालून आणण्याचा विचारसुद्धा करू नका.

लेसोथोत समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरपेक्षा खाली जमीनच नाही. सेसोथो भाषेत मातेक्वाने म्हटला जाणारा हा उंच, अरुंद पानांचा भांगवर्गीय वाण तिथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या मक्याच्या जोडीने घेत आले. २०१७ मध्ये औषधी लागवडीचे परवाने देणारा लेसोथो आफ्रिकेतला पहिला देश ठरला. पण परवान्याचे शुल्क छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे राहिले आणि परवानाधारकांच्या शेडमध्ये बहुतेक बाहेरून आणलेले वाण आले. त्यामुळे गावरान बियाणे जपण्याची जबाबदारी आज तिथे शेतावर उभ्या असलेल्या माणसावर येते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेल्या पिकाला फेब्रुवारीत फुले दिसू लागतात. दक्षिण गोलार्धात डिसेंबरनंतर दिवस लहान होऊ लागतो, आणि तो लहान होऊ लागला की हे झाड फुलावर येते. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर असतात, नर झाड आधी फुलते आणि परागकण वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातात. म्हणून या महिन्यात पहिले काम शेजाऱ्यांची चौकशी. दरीत कोणी संकरित वाण किंवा धाग्यासाठीचे हेम्प लावले असेल, तर तुमच्या मादी झाडांवर त्याचेच परागकण बसणार. मक्याच्या ओळींचा अडसर थोडा उपयोगी पडतो, पण त्यावर विसंबू नका. बियाण्याचा प्लॉट मधे डोंगराची धार असलेल्या वेगळ्या दरीत घेतलेला चांगला. उलट बाजूचेही भान ठेवा. परवानाधारक शेडला बिनबियांची मादी फुले हवी असतात, आणि तुमचे नर त्यांचे नुकसान करू शकतात. फुलोऱ्याच्या तारखा आधी बोलून ठरवल्या तर पुढचे भांडण टळते.

मार्चमध्ये निवड. इथे बहुतेक जण चुकतात : सर्वांत भरघोस, सर्वांत चिकट एकच झाड धरून ठेवतात. हे परपरागीभवनाचे पीक आहे. मक्यासारखेच एकदोन झाडांच्या बियांवर ते पाचसात वर्षांत खंगते. किमान ५० मादी झाडांचे बी एकत्र करा आणि नरही पुरेसे ठेवा. निवडताना पाहायचे ते असे : गारपिटीनंतर पुन्हा उभे राहिलेले खोड, पावसाळी आठवड्यात करड्या बुरशीपासून वाचलेली कणसे (या झाडाच्या फुलांचे झुपके), आणि वेळेवर पक्व होणे.

शेवटचा गुण सगळ्यांत मोलाचा. आफ्रिकेतल्याच मलावी देशाचा प्रसिद्ध वाण १०-१४ अंश दक्षिण अक्षांशाच्या प्रदेशातला आहे. तिथे सर्वांत मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा असतो आणि थंडीही बेताची, म्हणून तो सावकाश फुलतो आणि लांब चालतो. तेच बी लेसोथोतल्या २९ अंशांवरच्या मोखोत्लॉन्गला, २,००० मीटरच्या वर, लावले तर कणीस भरण्याआधी गोठणारे दंव त्याला गाठते. डोंगराच्या वाणाने हे वेळापत्रक शेकडो हंगामांत आत्मसात केले आहे. बाहेरच्या परागकणांनी ते एकदा बिघडले की दुरुस्त करायला पुन्हा तेवढाच काळ लागेल.

या वाणांची दुसरी ओळखही आहे. आफ्रिकेच्या दक्षिण पट्ट्यातल्या काही गावरान झाडांत टीएचसीव्ही हा गांजातला एक रासायनिक घटक चांगल्या प्रमाणात आढळतो आणि औषध संशोधकांना तो हवा असतो. कोणी कंपनी बी मागायला आली, तर लेखी करार केल्याशिवाय एक दाणाही देऊ नका. जनुकीय संपत्तीच्या लाभात मूळ राखणदारांचा वाटा असावा हे तत्त्व २०१० च्या नागोया करारात मान्य झालेले आहे. गाव, उंची, पेरणीची तारीख आणि बी कोणाकडून आले, एवढी नोंद वहीत असली तरच हा हक्क सांगता येतो.

परागीभवनानंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत बी पक्व होते. हिरवट पांढरे बी कच्चे समजा. तपकिरी, ठिपकेदार आणि बोटांनी दाबून न फुटणारे तेवढे घ्या. पक्षी या बियांवर तुटून पडतात, म्हणून एप्रिलमध्ये निवडलेल्या कणसांवर जाळीच्या पिशव्या बांधा. पहिल्या कडक दंवाआधी कापणी करा, झाडे सावलीत वाऱ्यावर उलटी टांगा आणि बी हाताने झाडून घ्या. उन्हात वाळवू नका. बी तेलकट असते आणि लवकर खवट होते.

साठवणीत ओलावा सगळ्यात वाईट. बियांतला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की टिकण्याचा काळ सुमारे दुप्पट होतो, आणि तापमान ५ अंशांनी उतरले तरी तेच. त्यामुळे कोरडे बी, हवाबंद काचेची बरणी, सिलिका जेल आणि घरातली सर्वांत थंड, अंधारी खोली. बरण्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. सप्टेंबरमध्ये १०० दाणे ओल्या कापडात गुंडाळून आठवडाभर उगवण तपासा. ७० पेक्षा कमी उगवले तर पेरणीचे बी त्या प्रमाणात वाढवा आणि जुनी बरणी याच हंगामात पेरून नवी भरा.