पत्र्याच्या शेडमधला मे महिना

आम्ही अकोल्यात लोखंडी कूलर बनवतो. सगळा सीझन फेब्रुवारी ते मे. लोकांच्या घरी गारवा देणारी वस्तू तयार होते ती तापलेल्या पत्र्याखाली, वेल्डिंगच्या धगीत. हजेरी, हिशेब आणि माणसं मी बघते, म्हणून हे कारागिरांसाठी नाही, छोट्या शेडच्या मालक-मालकिणींसाठी लिहिते आहे. ‘पाणी पीत जा रे’ म्हणून आपली सुटका होत नाही. ऊन कामाच्या वेळेत आणि मजुरीत धरावं लागतं.

आधी वेळ बदला. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग सकाळी 6 ते 11. दुपारी 12 ते 4 शेडमधलं काम बंद. ऑर्डर अगदीच अडली असेल तर मोटरचं वायरिंग, पंपाची जोडणी असलं बैठं काम सावलीत घ्या. बाकीचं 5 नंतर. खरी अडचण नगावर मजुरी असते तिथे येते. थांबलं की पैसा बुडतो, म्हणून चक्कर येईपर्यंत कुणी थांबत नाही. तासाला दहा मिनिटं सावलीत बसायचं आणि त्या वेळेची मजुरी वेगळी धरायची, हे हजेरीच्या वहीत लिहून ठेवा. लिहिलं नाही तर ती विश्रांती पहिल्याच घाईच्या दिवशी उडते.

नव्या पोराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नका. पहिल्या दिवशी पाळीचा पाचवा हिस्साच उन्हातलं काम, मग रोज तेवढंच वाढवायचं. जुना कारागीर लग्नासाठी आठवडाभर गावी जाऊन आला तर त्याचीही सवय उतरलेली असते. तो निम्म्यापासून सुरू करेल. ‘अकोल्याचाच आहे, त्याला काय ऊन लागतं’ हे बोलायला ठीक आहे.

पत्र्यावर मार्चमध्येच चुन्याचा जाड हात मारा. आमच्याकडे छपरावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, टाकतात, सावली उत्तम पडते, पण वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे ती नकोच. गरम हवा वर जाते, म्हणून एक्झॉस्ट फॅन वर आणि हवा आत यायची जागा खाली, सावलीच्या बाजूला. पारा चाळिशीपार गेला की नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो, तिथे कूलर हवा. आणि कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत दमटपणा साचला की पाणी उडायचं थांबतं आणि गारवाही. आमचाच माल आहे तरी सांगते: अर्थिंग तपासल्याशिवाय आणि पिन काढल्याशिवाय टाकीत हात घालू नका. वेल्डरचे हातमोजे घामाने चिंब झाले असतील तर कोरडी जोडी द्या, ओल्या हाताने होल्डर धरला तर शॉक बसतो.

आता पाणी. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न बघता. मात्र तासाला दीड लिटरच्या आतच. एकदम ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. 11 वाजता जिरं-मीठ घातलेला मठ्ठा, कधी कैरीचं पन्हं. खिशात कांदा ठेवणाऱ्यांना मी हसत नाही, पण त्याचा भाकरीबरोबरच उपयोग. 1948 च्या कारखाना कायद्यात उन्हाळ्यात थंड पाण्याची सक्ती 250 पेक्षा जास्त कामगार असतील तिथेच होती. आपला रांजण काय कायद्याला विचारून भरायचा?

एक गोष्ट पुरुष मालकांना दिसतच नाही. कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, भरायला बायका असतात. रांजण भरलेला असतो आणि त्या दिवसभर दोन घोट पितात. कारण संडास नाही, किंवा आहे त्याला कडी नाही. लघवी गडद पिवळी झाली, जळजळ सुरू झाली तरी कुणाला सांगणार? कूलर विकत घेण्याआधी दार, कडी, बादलीभर पाणी आणि दिवा यांची सोय करा. त्यानंतर कुणाला पाणी प्यायचा आग्रह करावा लागत नाही, हे मी पाहिलं आहे.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले की काम बंद, सावलीत आडवं करायचं आणि ओआरएस घोट-घोट. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून धीर धरू नका. कष्टाच्या कामात उष्माघात झाला तरी घाम चालूच राहू शकतो. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

जूनमध्ये मृग लागता लागता हवा दमट होते. पारा उतरलेला दिसतो, म्हणून मालक लगेच दुपारची पाळी सुरू करतात. तेव्हा घाम वाळत नाही आणि कूलरचं पाणी चिकचिक वाढवतं. पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, आणि पाऊस नीट सुरू होईपर्यंत सकाळचीच वेळ ठेवा.