माळरानावरील गवत कापणीची वेळ: अवर्षणप्रवण भागातील पशुपालकांसाठी सल्ला

सोलापूर, अहिल्यानगर, माण-खटाव, जत-आटपाडी या 500 ते 700 मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात भाद्रपदाच्या अखेरीस माळावरील पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी ही गवते फुलोऱ्यात येतात. खरिपाची काढणी त्याच सुमारास सुरू होत असल्याने बहुतेक ठिकाणी गवत कापणी दिवाळीनंतर ढकलली जाते. मजुरांची अडचण खरी असली, तरी यात नुकसान मोठे आहे. फुलोऱ्यातील गवतात साधारण 6 ते 7 टक्के प्रथिने असतात आणि बी झडून गवत पिवळे पडले की ती 3 टक्क्यांच्या आसपास येतात. त्यानंतर कापलेल्या गवताने गंजी मोठी दिसते, पण जनावरांच्या अंगी फारसे लागत नाही. म्हणून निम्मे गवत फुलोऱ्यात दिसताच, पावसाची उघडीप पाहून कापणी सुरू करावी.

ज्या भागात कुसळीचे प्रमाण जास्त आहे, तो आधी कापावा. पिकलेली कुसळे मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत शिरतात आणि जनावरांच्या तोंडात जखमा करतात. कुसळे धरण्यापूर्वी मात्र हेच गवत जनावरे आवडीने खातात. कुसळी वाढली याचा अर्थ माळावर अति चराई झाली आहे किंवा वारंवार आग लागली आहे, असे समजावे. पवन्या आणि मारवेल ही बहुवर्षायू गवते सततच्या तोडीने खचतात, आगीला टिकणारी कुसळी त्यांची जागा घेते, आणि पुढेही ताण चालू राहिला तर केवळ पावसाळ्यापुरती उगवणारी, चाऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी गवते उरतात.

कापताना विळा जमिनीलगत फिरवू नये. चार बोटे उंचीचे बुडखे राहू द्यावेत, कारण पुढच्या जूनमध्ये फुटण्यासाठी लागणारा अन्नसाठा बुडख्यात आणि मुळांत असतो. कुरणाचा चौथा हिस्सा दरवर्षी आळीपाळीने न कापता बियांसाठी सोडावा. मारवेल व अंजन या गवतांचे बी पक्व होताच हाताने ओरबाडून सावलीत वाळवावे. अंजनाचे ताजे बी लगेच नीट उगवत नाही, ते पुढच्या पावसाळ्यात मोकळ्या जागी टाकावे. कापणी कडेकडून मध्याकडे न करता मध्यापासून बाहेर करत न्यावी, म्हणजे लावे, तितर आणि ससे कोंडले न जाता निसटतात. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्यालगतच्या गावांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

कापणी संपल्यावर कुरणाभोवती तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, साफ करून ठेवावी. नवे गवत चांगले फुटते म्हणून माळ पेटवण्याची पद्धत सोडणे इष्ट. तसेच सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीस अयोग्य) म्हणून नोंद असलेला माळ रिकामा समजून त्यावर खड्डे घेऊन गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडे लावण्याचा मोह टाळावा, मग त्यासाठी अनुदान मिळत असले तरी. वीतभर मुरमाड मातीला गवताच्या दाट मुळ्यांनीच धरून ठेवलेले असते. ती उकरली की पहिल्या मोठ्या सरीत माती ओढ्याला लागते आणि झाडेही त्या उथळ जमिनीत फारशी तग धरत नाहीत. पाणलोटाचे चर खोदायचेच असतील, तर ते आधीच उघड्या पडलेल्या उतारावर घ्यावेत.

कापलेल्या माळावर मेंढ्यांचे कळप येऊ देण्यास हरकत नाही. लेंडीखताचा उपयोग होतो आणि धनगर बांधवांशी असलेले जुने संबंधही टिकतात. खरा प्रश्न जूनचा आहे. कोकणातून कळप परततात तेव्हाच नवे कोंब फुटत असतात आणि ते खाल्ले गेले की मुळांतील साठा वाया जातो. पहिल्या चांगल्या पावसापासून किमान 40 दिवस गायरान बंद ठेवावे, त्या काळात कळपांसाठी गावातील पडीक शेते ठरवून द्यावीत, आणि हा निर्णय उन्हाळ्यातील ग्रामसभेत मेंढपाळ प्रतिनिधींना बोलावूनच घ्यावा.